बोंबलांचं थेट प्रक्षेपण

पालघरच्या बाजारात माझं कपडे भाड्याने द्यायचं दुकान आहे. रोजच्या नेसण्याचे नव्हेत, सोंगाचे. शाळांच्या स्नेहसंमेलनांना लागणारे राजे, राण्या, पोलीस, वाघ, ढग आणि टोमॅटो माझ्याकडे खुंटीवर टांगलेले असतात. पन्नाशी ओलांडली तरी माझ्या अंगातलं नाटक गेलेलं नाही आणि मी ते लपवतही नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा माझा उजवा हात आपोआप प्रेक्षकांकडे वळतो.

अशा बाईला एका सकाळी फोन येतो, ‘आपल्याला टीव्हीवर रोज अर्धा तास मिळतोय.’ मी दुकानातच किंचाळले. मुकुट न्यायला आलेले एक मास्तर दचकून बाहेर गेले.

फोन माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचा होता. ती माझ्या अगदी उलट. किनाऱ्यावर मासे सुकवणाऱ्या बायकांच्या मंडळाचं काम करते, अर्ज लिहिते, कचेऱ्यांत तासन् तास बाकावर बसते आणि कधीही आवाज चढवत नाही. गरज पडली तरच मला बोलावते, कारण मी आले की काम वाढतं हे तिला ठाऊक आहे. या वेळी तिला गरज होती.

दांडीच्या बाजूला किनाऱ्यावर एक छोटं गाव आहे, नाव राहू दे. तिथे वस्तीला लागून समुद्राच्या तोंडावर एक मैदान आहे. पावसाळा सरला, होड्या पुन्हा दर्यात गेल्या की त्या मैदानात बांबू उभे राहतात आणि बांबूंना आडव्या दोऱ्या ताणल्या जातात. ही वलांडी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, की वारा आणि ऊन पुढचं बघून घेतात. खाली जाळ्यांवर बारीक कोळंबीसारखा जवळा पसरलेला असतो. गावातल्या तीसेक घरांच्या बायका या मैदानावर काम करतात. कोणाची रांग कुठली हे सासूने सुनेला, आईने लेकीला हाताने दाखवलेलं. कागदावर कुठेच नाही.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांसाठी वाहनतळ करायचा प्रस्ताव एका कार्यालयात गेला होता. त्याला जोडलेल्या अहवालात लिहिलं होतं, ‘सदर जागा विनावापर पडून आहे.’ सोबत चार फोटो. त्यात मैदान खरोखर रिकामं होतं. दोन महिन्यांनी सुनावणी होती.

मंडळाच्या प्रमुख बाईंना सगळा गाव मावशी म्हणतो. साठीच्या, उंच, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणाऱ्या. समुद्राच्या अगदी कडेची रांग त्यांची. सासरहून परत आलेल्या लेकीला त्यांनी त्यातली अर्धी दिली होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला सरळ सांगितलं.

‘ओला बोंबील दुपारपर्यंत थांबत नाय, बाय. व्यापारी म्हणेल त्या भावाला टाकायचा आन घरी जायचं. सुकवला की मग तो थांबतो, आमी पण थांबतो. हे मैदान गेलं तर आमाला थांबायलाच नाय जमणार. माझी लेक काय करेल?’

टीव्हीचा अर्धा तास बोईसरच्या एका केबलवाल्याने दिला होता. हा गृहस्थ तरुणपणी उत्तरेकडून कारखान्यात वेल्डर म्हणून आला, मग खांबांवर चढून केबल ओढायला लागला आणि आता त्याची स्वतःची स्थानिक वाहिनी होती. तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, साड्यांचे सेल आणि हरवलेल्या शेळ्या दिसायच्या. मंडळातल्या एकीकडून तो वर्षभराचा जवळा न्यायचा, तेवढ्या ओळखीवर त्याने सकाळी अकरा ते साडेअकराची वेळ फुकट दिली.

‘उस टाइम तो कोई देखता नहीं, मॅडम,’ त्याने मला दिलासा दिला. ‘आप कुछ भी करो.’

कलावंताला यापेक्षा जास्त काय हवं?

मी नाटुकलं लिहिलं. त्यात मी स्वतः वाहनतळ नावाचा राक्षस झाले. काळी दाढी, लाल झगा, गळ्यात खेळण्यातल्या मोटारींची माळ. मैत्रिणीने झग्याकडे बघून एक उसासा टाकला, पण अडवलं नाही. मंडळाच्या खोलीच्या गच्चीवर तिवईला माझा मोबाइल लावला, चित्र इंटरनेटवरून थेट बोईसरला जाईल असं केबलवाल्याने करून दिलं होतं. बायकांना मी सांगितलं होतं की राक्षस आला की तुम्ही ओरडायचं. एकही ओरडली नाही. सगळ्या बोंबील ओवत होत्या. मी दोन रांगांमधून गरजत फिरत होते, तेवढ्यात मावशींचा आवाज आला.

‘बाय, नाचतेस छान. पण मालावर सावली पडते. जरा पलीकडे नाच.’

मी पलीकडे नाचले. आठ मिनिटांत नाटुकलं संपलं आणि मी घामाघूम होऊन चहाला गेले. मोबाइल बंद करायचा राहिला. पुढची बावीस मिनिटं बोईसर, पालघर आणि आसपासच्या गावांत जिथे जिथे ती केबल जाते तिथे तिथे नुसते बोंबील वाळत होते.

संध्याकाळी केबलवाल्याचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

‘मॅडम, बहुत फोन आया!’

‘माझ्या राक्षसाबद्दल?’ मी नम्रपणे विचारलं.

‘राक्षस? नहीं नहीं. वो कौए का.’

झालं असं की प्रक्षेपणाच्या शेवटच्या मिनिटाला एक कावळा दुसऱ्या रांगेच्या बांबूवर येऊन बसला होता. मावशींची लेक हातात काठी घेऊन दबक्या पावलांनी त्याच्या मागे निघाली आणि बरोबर साडेअकराला साड्यांचा सेल सुरू झाला. उमरोळीच्या एका आजीबाईंनी दोनदा फोन करून विचारलं होतं, कावळ्याने बोंबील नेला की नाही? जोवर कळत नाही तोवर जेवण जाणार नाही म्हणाल्या.

एक दिवस मी दाढी हातात घेऊन फुगून बसले. दुसऱ्या दिवशी मात्र मला त्यातली गंमत दिसायला लागली. टीव्हीच्या पेटीत आजवर जी जी माणसं मी पाहिली ती सगळी माझ्याकडे बघून बोलत होती. हसा म्हणत होती, रडा म्हणत होती, विकत घ्या म्हणत होती. या बायका कोणाकडेच बघत नव्हत्या. त्यांना काम होतं. आणि कोणीतरी मन लावून काम करत असलं की माणसाचा पाय तिथून निघत नाही. रस्त्यात खड्डा खणत असले तरी चार जण कडेला उभे राहतातच. मी तीस वर्षं रंगमंचावर हातवारे करून जे मिळवू शकले नाही ते त्या कावळ्याने एका मिनिटात मिळवलं होतं.

मैत्रिणीला हे माझ्या आधी कळलं होतं. ‘राक्षस नको,’ ती म्हणाली. ‘हेच दाखव. सुनावणीपर्यंत रोज. मग बघू कोण विनावापर म्हणतं ते.’

आणि आमची मालिका सुरू झाली. कथा नाही, संवाद नाहीत, पात्रं तीस आणि मुख्य भूमिकेत बोंबील. माझं योगदान म्हणजे एक पुठ्ठ्याची पाटी. लाल रंगात ‘थेट’ असं लिहून मी ती पहिल्या बांबूला टांगली, म्हणजे ती कायम चित्रात राहील. बाकी काम मोबाइल आणि सूर्य करत होते. मैत्रीण रोज साडेदहाला गच्चीवर जाऊन मोबाइल लावायची, चालू झालं की खाली येऊन आपले अर्ज लिहीत बसायची. प्रत्येक दिवसाचं चित्रण केबलवाल्याकडे तारखेवार साठत होतं.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. तिसऱ्या दिवशी सगळ्या बायका गजरे माळून आल्या. मावशींनी एक नजर टाकली. ‘लग्नाला आलाव काय गं? बोंबलाला वास लागंल मोगऱ्याचा.’ गजरे उतरले. मग बोईसरचे एक निवृत्त फिटर रोज फोन करू लागले. त्यांचं म्हणणं, तिसऱ्या रांगेतली दोरी ढिली आहे, मधोमध झोळ आलाय. पाच दिवस ऐकून घेतल्यावर बायकांनी ती दोरी ताणली आणि एकीने गच्चीकडे बघून हात हलवला. फिटरसाहेबांनी त्या दिवशी केबलवाल्याच्या कार्यालयात पेढे पाठवले. गावातल्या एका सासूबाईंनी तर मैदानावर यायचंच सोडलं. घरात पाटावर बसून टीव्ही बघायच्या आणि सुनेला फोन लावायच्या, ‘डावीकडचा माल उलटव, तिकडं ऊन नाय लागलं.’ सुनेने तक्रार केली की हे तुमचं टीव्ही प्रकरण माझ्या जिवावर उठलंय. मला इतका आनंद झाला की विचारू नका. प्रेक्षक नटाला घरून सूचना देतोय आणि नटाला त्या ऐकाव्या लागतायत, असं नाटक मी कधी केलं नव्हतं.

असे पाच आठवडे गेले. सुनावणी पंधरा दिवसांवर आली. आणि मग मी माती खाल्ली.

जानेवारी म्हणजे माझ्या दुकानाचा सुगीचा महिना. त्या सकाळी तीन शाळांचे लोक एकदम आले होते आणि एका शाळेला वाघाची शेपटी सापडत नव्हती. पावणेअकराला मैत्रिणीचा फोन आला. किनाऱ्यावर इंटरनेट बंद होतं. फोन लागत होता, पण चित्र जात नव्हतं.

‘आज प्रक्षेपण नाही अशी पाटी लावायला सांग त्याला,’ ती म्हणाली. ‘एवढंच कर. दुसरं काही करू नकोस.’

मी हो म्हटलं. पण पाटी! पडदा वर गेल्यावर रिकामा रंगमंच दाखवायचा? आमच्या नाटकवाल्यांत नट आजारी पडला तर दुसरा उभा करतात, प्रेक्षकाला परत पाठवत नाहीत. मी केबलवाल्याला फोन केला आणि म्हटलं, मागच्या आठवड्यातलं एक लाव. तो छान दिवस होता ना, पाणी चमकत होतं, होड्या डुलत होत्या, तो लाव.

‘मॅडम, वो तो पुराना है.’

‘बोंबील तेच, बांबू तेच, बायका त्याच. कोण ओळखणार आहे?’

त्याने लावलं. कोपऱ्यात माझी लाल पाटी ऐटीत म्हणत होती, थेट.

अकरा वाजून चार मिनिटांनी मावशींचा फोन.

‘बाय, आज तिथ काय हाय?’

‘तिथी? मला काय माहीत, मावशी. बघते कॅलेंडर.’

‘बघू नको. आठम हाय. भांगाचं पाणी. बाहेर आमच्या होड्या चिखलात कलंडल्यात. आन तुझ्या टीवीत पाणी पार बांधाला लागलंय, होड्या नाचतात. पुनवंचं पाणी आज कुठून आणलंस?’

माझ्या हातातली वाघाची शेपटी गळून पडली. हो, सापडली होती.

मी बागायतदारांच्या घरातली. चिकू, नागवेल आणि मोगरा यांत वाढले. आमच्या वाडीत रात्रंदिवस समुद्राची गाज ऐकू येते, पण आमचं सगळं लक्ष विहिरीकडे. समुद्र म्हणजे खारा वारा, आणि खारा वारा म्हणजे वेलाला त्रास, इतकाच आमचा त्याच्याशी संबंध. पुनवेला अकरा वाजता पाणी चढून किनाऱ्याला टेकतं आणि अष्टमीला त्याच वेळी ते खूप आत गेलेलं असतं, हे कोळ्याच्या घरात चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. मी चित्रातले बोंबील पाहिले होते. मागचा समुद्र मला पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यासारखा वाटला होता, आज लावला काय आणि उद्या लावला काय!

त्या दिवशी किनाऱ्यावरच्या गावागावांतून केबलवाल्याला फोन गेले. सगळ्यांचं एकच, पाणी चुकलंय. बिचारा म्हणाला, ‘मॅडम, मेरे को तो मालूम ही नहीं था के पानी भी देखते हैं लोग.’ मलाही नव्हतं.

पाणी फक्त आपल्या माणसांनी पाहिलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. वाहनतळ ज्यांना हवा होता त्यांच्याही घरी टीव्ही होता. दोन दिवसांत त्यांचा अर्ज गेला. संबंधित चित्रफिती बनावट असून त्या एका नाटकवाल्या महिलेने रचलेल्या आहेत, सबब त्या पुराव्यात घेऊ नयेत.

मैत्रीण दुकानात आली. टोमॅटो आणि ढग यांच्या मधल्या स्टुलावर बसली. अर्जाची प्रत माझ्या पुढ्यात ठेवली.

‘तुला एक दिवस पडदा पाडता आला नाही?’

मी प्रत उचलली आणि ‘नाटकवाल्या महिलेने’ हे शब्द वाचले.

‘माझ्याकडे छत्तीस दिवस होते,’ ती म्हणाली. ‘एका दिवसात तू सगळ्यांना खोटं ठरवलंस. मावशींच्या लेकीला आता तू सांग.’

ती ओरडली असती तर मी भांडले असते. ती ओरडली नाही.

दुसऱ्या दिवशी इंटरनेट आलं होतं. मी पहाटेच किनाऱ्यावर गेले आणि मावशींना म्हटलं, अकरा वाजता मी चित्रात उभी राहून सगळ्यांसमोर कबूल करते. भाषण पाठ करून आणलं होतं. पश्चात्ताप होता, विराम होते, एका ठिकाणी आवंढाही बेतलेला होता. मावशींनी तिथल्या तिथे त्याची वासलात लावली.

‘उभं राहून नको. खाली बस आन बोंबील ओवता ओवता सांग. रिकाम्या हातानं बोललेलं खोटं वाटतं.’

मग मी थेट प्रक्षेपणात टोपलीपुढे बसले. बोंबलाला दात असतात हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, असतात. आणि ते आत वळलेले असतात. पहिल्या जोडीलाच बोट अडकलं. ‘अष्टमीला जे दाखवलं ते त्या दिवशीचं नव्हतं, आठ दिवस आधीचं होतं, आई गं, ते मी लावायला सांगितलं, यात या बायकांचा काही दोष नाही, आई गं.’ इतकंच झालं माझं भाषण. मागून बायका सुचवत होत्या, ‘जबडा दाब गं’, ‘उलटा धरलास’, ‘ती टीवीवाली हाय, तिला काय येतंय’. आवंढा राहूनच गेला. उमरोळीच्या आजीबाईंचा निरोप आला की माफ केलं, पण त्या बाईला ओवायला देऊ नका, माल खाली पडतो.

सुनावणी पालघरला होती. मावशी, त्यांची लेक आणि आणखी चौघी इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या होत्या. केबलवाला भांग पाडून, सगळी चित्रणं घेऊन आला होता. समोर बसलेले साहेब घाटावरचे. चष्मा नाकाच्या टोकावर आणि हातात टोक केलेली पेन्सिल.

पलीकडच्या वकिलांनी सुरुवातच माझ्यापासून केली. ‘साहेब, हे सगळं नाटक आहे. या बाई सोंगांचे कपडे भाड्याने देतात. एक चित्रण खोटं असल्याचं त्यांनी स्वतः टीव्हीवर मान्य केलंय. मग बाकीची खरी कशावरून?’

मी सवयीने लवून नमस्कार करणार होते. मैत्रिणीने पदर ओढून खाली बसवलं.

साहेब तिला म्हणाले, ‘प्रश्न बरोबर आहे. तारीख काय, संगणकात कोणीही घालतं. कशावरून खरी?’

मैत्रीण कागद काढायला लागली, तोवर मावशी उठल्या होत्या.

‘साहेब, लावा तुमी. कुठलाबी दिवस लावा. तारीख आमाला दाखवू नका. आमी सांगतो.’

‘काय सांगता?’

‘तिथ. पाणी बघून.’

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘मी घाटावरचा माणूस. मला पाणी म्हणजे नुसतं पाणी दिसतं,’ ते म्हणाले. वकिलांनी हरकत घेतली. साहेब म्हणाले, बघायला काय हरकत आहे? लेखनिकाने भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, पडद्यावरची तारीख कागदाने झाकली आणि मधलंच एक चित्रण लावलं.

सहाही जणी पुढे वाकल्या. बोंबलांकडे एकीनेही पाहिलं नाही.

‘बीज,’ मावशींची लेक म्हणाली. ‘पाणी अजून चढतंय.’

लेखनिकाने कागद उचलला, कॅलेंडर पाहिलं. मान डोलावली.

दुसरं. ‘दशमी. सुकती लागलीय, बघा तो खडक उघडा पडतो.’ मान डोलली. तिसरं लावलं आणि गडबड झाली. एक म्हणाली तीज, दुसरी म्हणाली चवथ. ‘तुला चष्मा लागलाय.’ ‘तुला अक्कल लागायची हाय.’ वकील हसले. लेखनिक बराच वेळ कॅलेंडरात नाक खुपसून बसला. मग हळूच म्हणाला, ‘साहेब, त्या दिवशी दहापर्यंत तृतीया होती. नंतर चतुर्थी लागली.’

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

एकूण सात लावली. सातवं साहेबांनी स्वतः निवडलं. पडद्यावर पाणी चमकलं, होड्या डुलल्या आणि सहाही जणी एकदम हसायला लागल्या. ‘ही पुनव, साहेब! आन तुमी निवडलीत म्हणजे कागदाखाली आठमीची तारीख असणार. ही आमच्या बायची.’ सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. या वेळी मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, ‘हो, ही माझी.’ आयुष्यात इतका छोटा संवाद मी इतका स्वच्छ कधीच म्हटला नसेन.

साहेबांनी मग अहवालातले ते चार फोटो काढले. त्यांवर तारीख नव्हती. त्यांनी ते मावशींपुढे सरकवले. मावशींनी मैत्रिणीचा चष्मा मागून घेतला.

‘साहेब, मैदान बघू नका. मागं बघा. होड्या वर ओढल्यात, त्यांच्यावर प्लास्टिक घातलंय. आषाढातला फोटो हाय. दर्या बंद असतो, होडी जात नाय. तेव्हा आमी बोंबील कुठून आणायचे? आभाळातून?’

मैत्रीण तेव्हा कुठे बोलली, आणि एकच वाक्य बोलली. ‘साहेब, पावसाळ्यात भाताचं खळंही रिकामंच असतं, त्याला कोणी विनावापर म्हणत नाही.’

साहेबांनी तिथे निकाल दिला नाही. म्हणाले, जागा मी स्वतः बघणार, आणि माल वाळत असताना बघणार.

पुढच्या आठवड्यात ते आले. सोबत लेखनिक, मोजणीची फीत धरणारे दोघे, आणि गच्चीवर आमचा मोबाइल चालू. फीतवाल्यांनी सांगितलं, दोऱ्या थोडा वेळ उतरवा, सरळ मोजता येईल. मावशी म्हणाल्या, आज ऊन चांगलं हाय, उद्या या. शेवटी दोघांनी वलांडीखालून वाकून, कानाला बोंबील लागू देत माप घेतलं. साहेबांनी पाहणीच्या कागदावर लिहायला सांगितलं, जागा वापरात, मासे सुकवणे, आणि वाहनतळासाठी दुसरी जागा शोधावी अशी शिफारस. मावशींच्या लेकीने ते दोनदा वाचून घेतलं.

मग साहेबांनी चांगल्या मनाने एक चूक केली. म्हणाले, उद्या पुन्हा कोणी म्हणायला नको, आता प्रत्येक रांग कोणाची तेही लिहून टाकू.

लेखनिकाने पहिल्या रांगेजवळ उभं राहून विचारलं, ‘ही कोणाची?’

दोघींनी एकदम उत्तर दिलं. उत्तरं दोन होती.

आजवर हाताने दाखवलेली हद्द पहिल्यांदाच शाईत जाणार होती, आणि शाईत जायचं म्हटल्यावर प्रत्येकीला आपली सासू आठवली. हा बांबू माझ्या सासूने रोवला, तुझ्या सासूला ती वीतभर जागा उसनी दिली होती, उसनी कसली, पूर आला त्या साली आमीच भराव घातला. साहेबांना उलट्या टोपलीवर बसवून चहा दिला गेला, मग दुसरा दिला गेला. घरी पाटावर बसलेल्या सासूबाई टीव्हीवर हे बघून दोन महिन्यांत प्रथमच मैदानावर धावत आल्या आणि भांडणात पडल्या. साडेअकरा वाजले. केबलवाल्याचा फोन आला, साड्यांचा सेल लावू का? मी म्हटलं, खबरदार.

दुपारी दीडच्या सुमाराला शेवटची रांग लिहून झाली. सगळ्यांनी सह्या केल्या, दोघीतिघींनी अंगठे उठवले. पहिल्या रांगेवरून भांडलेल्या त्या दोघी अजूनही एकमेकींशी बोलत नाहीत. पण सरकारी कागदावर त्यांची नावं शेजारी शेजारी आहेत, मधे बरोबर एक वीत सोडून.